जिचं तिखट, तिचं प्रमाण

माझे सासरे महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी गुलाल उधळला जाईल या आशेनं कुणी वाचायला नको. अनामत रक्कमसुद्धा गेली. पण त्या निवडणुकीतला एक सोमवार माझ्या वाट्याला आला होता, आणि त्याबद्दल मी घराबाहेर कुणाला धड सांगितलेलं नाही.

आमचा तिखटाचा डंक आहे. मिरची-मसाला कुटायच्या यंत्राला आमच्या कोल्हापुरात डंक म्हणतात. लोखंडी मुसळं धाडधाड उखळात पडतात. उन्हाळा लागला की बायका तळलेली मिरची, भाजलेलं खोबरं, लसूण, धणे असं सगळं डब्यांतून घेऊन दारात रांग लावतात आणि सगळी गल्ली शिंकत बसते. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, जन्मभर हाच धंदा केला. आमची मंडळी मूळची सीमेकडची लिंगायत, गळ्यात लिंग, घरात निम्मं बोलणं कन्नड. पण भांडायचं झालं की मामंजींना कोल्हापुरीच लागायची.

डंकावर त्यांची एक रीत होती. जिचं तिखट असेल तिनं स्वतः समोर उभं राहायचं. मीठ किती, लसूण किती, हे तिचं तिनं ठरवायचं. डंकवाल्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. त्यानं फक्त आधीच्या बाईचं तिखट उखळात राहिलं नाही ना, रांग कुणी मोडत नाही ना, आणि कुणाचा हात मुसळाखाली जात नाही ना, एवढं बघायचं. लग्न होऊन नवीनच आलेली एक पोरगी मला एकदा म्हणाली, "ताई, मीठ किती घालू?" मी सांगायला तोंड उघडलं, तोच मागून मामंजींचा आवाज आला, "तू कशाला सांगतीस? जिचं तिखट, तिचं प्रमाण. खारट झालं तर पुढल्या वर्षी कमी घालंल की ती!"

त्यांचं सगळं राजकारण यातच आलं. "सरकारनं डंकवाल्यागत ऱ्हावं," असं ते येईल त्याला सांगायचे. त्यांचा पक्ष एवढासा. सरकारनं थोडकीच कामं करावीत पण ती धड करावीत, आणि बाकी माणसाला मोकळं सोडावं, असं म्हणणाऱ्या चार लोकांचा. त्या पक्षाचं चिन्ह आमच्या गल्लीलाही नीट ठाऊक नव्हतं. मी सुरुवातीला वैतागायचे. गटार तुंबली की महापालिकेच्या नावानं सगळ्यात मोठ्यानं हेच ओरडणार! एकदा मी म्हटलंच, "मामंजी, सरकार नको ना तुम्हाला? मग काढा की गटार तुम्हीच." तर म्हणाले, "नको कोण म्हणालं? गटार त्यांचंच काम हाय. नको तिथं नाक खुपसत्यात, आणि गटारीत हात घालायला कोण न्हाय!"

रेशनवरूनही मी भांडले. गरिबानं काय करायचं मग, असं विचारलं. त्यावर ते म्हणाले, "द्यावं की. पण नियमानं मिळतंय तर पिशवीवर फोटो कुणाचा आणि कशाला? त्याच्या घरचं धान्य हाय व्हय?" मला राग आला, तो मी भांड्यांवर काढला.

आमच्याकडं सगळं शब्दावर चालतं. दुकानाला पायरी घालायची, शब्द टाका. भेळेचा गाडा लावायचा, शब्द टाका. पोराला कॉलेजात प्रवेश पाहिजे, जावा साहेबांकडं. तालमीसमोरच्या सभेत मामंजी यावरच बोलले. हॉटेलं बुक नाहीत, जेवणावळी नाहीत, मंडळाला टी-शर्ट नाहीत, तरी माणसं जमली होती, ती गंमत बघायला. एकानं विचारलं, "निवडून आलासा तर आमच्यासाठी काय करणार?"

"काय बी न्हाय," मामंजी म्हणाले.

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. "मग घरातच बसा की, मामा!" असं कुणीतरी ओरडलं.

"बसलो असतो," ते म्हणाले, "पर तुमच्या गाड्याच्या आडवं कोणतरी रोज येतंय. नियम काय हाय ते भिंतीवर लिवा म्हणून मी सभागृहात बोंबलणार. सगळ्यांस्नी सारखा. मग तुम्हाला माझ्या दारात यायचं काम न्हाय, आणि त्याच्या बी दारात न्हाय. चार लोकं माझ्या दारात हात जोडून उभी ऱ्हायली की समजा, मी काम केलं न्हाय."

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. पण मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला, आणि आपण याच्या घरात आलो याचा अभिमान वाटला. घरी येऊन मी भाकऱ्या थापायला बसले.

आता माझं सांगते. मी बी.एड. झाले होते आणि आमच्या भागातले नेते, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, त्यांच्या शाळेत तासिकेवर शिकवत होते. तासिकेवर म्हणजे आज आहे, उद्या नाही. मला गणित शिकवायला आवडतं आणि मी ते चांगलं शिकवते, यात लाजायचं काय? शाळेत एक कायमची जागा निघणार होती. ती मिळावी म्हणून मी सोमवार धरले होते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

माघारीची मुदत सोमवारी दुपारी तीनला संपत होती. आदल्या दिवशी, रविवारी, डंकावर ही गर्दी. साहेबांचा माणूस नाकाला रुमाल लावून आत आला. मामंजींची मतं थोडीच होती, पण ती साहेबांच्या उमेदवाराच्याच पेठेतून फुटणार होती. तो शिंकत शिंकतच बोलला, "काका, उद्या तीनच्या आत अर्ज मागं घ्या. सूनबाईंची ऑर्डर साहेब या महिन्यात काढत्यात. कायमची."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मला वाटलं, मामंजी त्याला झाडूनं हाकलणार. तसं झालं असतं तर मी रडले असते, चिडले असते, आणि सुटले असते. त्यांनी मोटार बंद केली. म्हणाले, "नोकरी माझी हाय काय? जिची हाय तिला इचारा."

तो माणूस रुमालाआडून एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघायला लागला. सुनेला विचारायची पाळी त्याच्यावर कधी आली नसावी. "उद्या सांगते," एवढंच मी कसंबसं बोलले.

संध्याकाळी घरात नुसता कल्ला. सासूबाई म्हणाल्या, "पडणारच हायसा, मग पोरीचं तरी होऊ द्या!" नवरा म्हणाला, यात विचार करण्यासारखं आहेच काय? मामंजी दही-भात खात होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही सांगा काय करू. मोठे आहात."

"मी सांगितलं तर तू ऐकशील," ते म्हणाले. "मग जलमभर माझ्या नावानं बोटं मोडशील, न्हायतर माझे उपकार मानत बसशील. दोन्ही नको. तू व्हय म्हणालीस तर मी जाऊन अर्ज मागं घेतो. तोंड वाकडं करणार न्हाय, एवढा शब्द देतो."

"हे बरं आहे तुमचं!" मी खवळले. "धोंडा माझ्या गळ्यात आणि तत्त्व तुमच्या खिशात!"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "तत्त्व सभेत सांगायचं आणि घरात सुनेला हुकूम सोडायचा, हे मला जमायचं न्हाय, पोरी," एवढंच म्हणाले.

खरं सांगते, मोकळीक मिळाली की बरं वाटतं असं म्हणणाऱ्याला ती कधी मिळालेलीच नसते. सासूबाईंवर ढकलता येईना, नवऱ्यावर ढकलता येईना, देवावरही ढकलता येईना. साहेबांच्या वाढदिवसाला मैदानात रांगोळी काढणारी मीच, पोरांना उन्हात फलक धरून उभी करणारीही मीच, हे डोळ्यांसमोर येत होतं. कायम झाले की तेही कायमचं. पण ते मी सोसलं असतं. डाचत होतं ते वेगळंच. नोकरी मला माझ्या शिकवण्यावर पाहिजे होती. मुलाखत घ्या, फळ्यावर उदाहरण सोडवायला सांगा, आणि मग द्या नाहीतर देऊ नका. मामंजींच्या माघारीवर मिळालेली नोकरी मी रोज सकाळी पदर खोचून करायला कशी गेले असते?

आज डंकाच्या वरच्या खोलीत माझे गणिताचे वर्ग चालतात, खालच्या मुसळांच्या तालावर. शाळेतल्या तासिका त्याच महिन्यात बंद झाल्या. हलाखीचे दिवस आले नाहीत असं मी म्हणणार नाही. अजूनही कधी कधी त्या शाळेवरून जाताना मी मान फिरवते.

त्या सोमवारी दुपारी दोन वाजून गेल्यावर मी खाली उतरले. सोमवारी आमच्याकडं बाजार बंद असतो, डंकही बंद. सगळी गल्ली चिडीचूप. मामंजी दारात बसले होते. डोक्याला टोपी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन. स्कूटर पायरीवरून उतरवून, रस्त्याकडं तोंड करून उभी केलेली, किल्ली लावलेली. मी हो म्हटलं की लगेच निघता यावं म्हणून हा माणूस जेवण झाल्यापासून तसा तयार होऊन बसला होता.

"जाऊ नका," मी म्हटलं.

ते उठले. स्कूटरची किल्ली काढली, टोपी काढली, आणि त्याच टोपीनं डोळे पुसायला लागले.

"काय झालं, मामंजी?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "तिखट उडालं."