दोन हजारांनी बसायची सवय

मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला होती. फीचा दुसरा हप्ता अठ्ठेचाळीस हजार. आमच्या घरची पद्धत अशी, की ज्याच्या नावाने पैसे भरायचे त्याने ते खिडकीपुढे स्वतः मोजायचे. पद्धत मीच लावलेली. बायकोने मोजून दिलेल्या पाचशेच्या शहाण्णव नोटा पाकिटात घालून मी नांदेडहून सकाळची एस.टी. धरली. क्लासची फीची खिडकी चारला उघडणार होती. अकरा वाजता मी, दर खेपेसारखा, लातुरातल्या एका खत दुकानदाराच्या माडीवर पोकरला बसलो.

तिथे बसताना कमीत कमी दोन हजार आणि जास्तीत जास्त दहा हजार पुढ्यात ठेवता येत. मी नेहमी दोनच ठेवायचो. पतसंस्थेत हिशेब बघणारा माणूस. कमी ठेवले तर कमी जातील, एवढंच माझं गणित. ते गेले की पुन्हा दोन काढायचो. त्यांची बेरीज मात्र कधी केली नाही.

खिशातले माझे स्वतःचे चार हजार बारापर्यंत संपले. मग पाकीट उघडलं. दोन काढले, गेले. परत दोन, तेही गेले. पाचव्यांदा दोन हजार मांडले तेव्हा फीचा हप्ता पुरा व्हावा एवढंच डोक्यात होतं.

त्या डावात मला तीन नव्वे आणि दोन राण्या लागल्या. समोर एक निवृत्त गुरुजी, त्यांच्या पुढ्यात जिंकून साठलेले अठरा हजार. मी होते तेवढे लावले, त्यांनी बरोबरी केली, मी जिंकलो. मिळाले दोनच हजार. आपल्यापुढे जेवढे असतील तेवढेच समोरच्याकडून घेता येतात.

"साहेब, असली पानं अन् एवढुसा घास?" गुरुजी हसले. "दहा ठेवले असते तर मला लुटलं असतं की तुम्ही."

"वाटीनं विहीर उपसून राहिले ते," दुकानदार म्हणाला.

त्यांचं खरं होतं. दहा असते तर सकाळपासूनचे आठ हजार परत येऊन वर दोन उरले असते. मी पाकिटातून आणखी सहा काढले आणि पुढ्यातल्या चारांचे दहा केले.

तासाभराने मला दोन राजे आले. सगळे दहा लावले. गुरुजींकडे दोन गुलाम होते. मधे उघडलेलं शेवटचं पान गुलाम पडलं, आणि त्यांच्या तीन गुलामांपुढे माझे दोन राजे हरले.

खेळ म्हणून दहाने बसणं चूक नव्हतं. पण मला परवडणारा आकडा बारा वाजताच संपला होता.

वाटेत एटीएममध्ये बघितलं. खात्यात अकराशे चाळीस.

खिडकीपाशी मुलगी उभीच होती. "द्या बाबा, मी मोजते." बहात्तरवर ती थांबली. पाकीट उलटं करून झटकलं, पुन्हा मोजलं. "चोवीस कमी हायत. आईनं मोजल्या नव्हत्या का?"

"मोजल्या होत्या."

"मग?"

मागे रांग खोळंबली होती. खिडकीतला माणूस पावतीपुस्तक उघडून बसला होता. मी हळू आवाजात सांगितलं, "मी पत्त्यांत हरलो."

तिने बहात्तर नोटा पाकिटात घातल्या आणि ती रांगेतून बाहेर आली. मी हात पुढे केला. पाकीट तिने मला दिलं नाही.