मामाची वीस मिनिटं

ऑफिसात माझ्या मामाला सगळे ‘वीसमिनिटे’ म्हणायचे. पाण्याच्या प्रयोगशाळेसाठी नमुने गोळा करायची त्याची नोकरी. बढती शेवटपर्यंत मिळाली नाही. कुठल्याही बोअरवर गेला की वीस मिनिटं पंप चालवायचा, पाइपातलं शिळं पाणी वाहून जाऊ द्यायचा, मगच बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरायचा. तोवर चहाला हात नाही. ड्रायव्हर वैतागायचा, "एवढ्यात माझी अंघोळ झाली असती!" हसा लेको. त्या वीस मिनिटांची किंमत माझ्या तोंडात आहे.

मी दोन वर्षांची असताना आमच्या गल्लीत खोल बोअर मारली, बारा घरांना मिळून एक. आई भलतीच खूश. विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस यायचा नाही, या पाण्यात मात्र बादलीभर. मामा नमुना घ्यायला आला तेव्हा पंप बंद होता. आई म्हणाली, "दादा, चहा निवतोय. टाकीच्या नळाचं घे की, पाणी तेच." बहिणीचं घर, त्याने घेतलं. टाकीत आधी भरलेलं अर्धंअधिक विहिरीचंच पाणी होतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. रिपोर्ट चांगला आला. मामाने गल्लीला सांगितलं, "बिनधास्त प्या."

सातव्या वर्षी माझे पुढचे दात आले ते तपकिरी पट्टे घेऊनच. दोन वर्षं आईने ते घासघासून हिरड्यांतून रक्त काढलं. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

मामा दुसऱ्याच दिवशी आला आणि घड्याळ हातात धरून पंपापाशी उभा राहिला. आठवड्याने रिपोर्ट आला. दात डागाळणारं फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट.

"आपल्या पायाखाली सगळा ज्वालामुखीचा काळा दगड," स्वयंपाकघरात बसून तो आईला सांगत होता. "पाणी त्याला झिजवत, त्यातलं काहीबाही उचलत खाली जातं. विहिरीचं पाणी अलीकडच्या पावसाचं, त्यात चुना भरपूर. बोअरचं कित्येक वर्षं दगडात मुरलेलं. चुना वाटेतच फटींमध्ये बसून जातो, मग फ्लोराइडला धरून ठेवायला कुणी उरत नाही. अगं, फेस बघूनच मला कळायला हवं होतं!" आणि तो रडला. मामाला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आई म्हणाली, "जुना कागद फाडून टाक. नोकरी जाईल तुझी."

"आणि हे पाणी कधीच चांगलं नव्हतं, हे लोकांना कसं कळणार?"

दोन्ही रिपोर्ट घेऊन तो दारोदार फिरला. मी मागे. "चूक माझी आहे. पिण्याला विहिरीचंच पाणी घ्या." एकाने आईवरून शिवी हासडली, एकाने तोंडावर दार लावलं.

शेवटच्या घरातल्या काकू मांडीवरच्या बाळाला बाटलीने दूध पाजत होत्या. पावडरचं, बोअरच्या पाण्यात कालवलेलं. "तेव्हा तुम्हीच म्हणालात प्या, आता तुम्हीच म्हणता नको. आम्ही खरं काय धरायचं हो?"

मामाने दोन्ही रिपोर्ट त्यांच्यापुढे धरले.

शाळेत मी तोंडावर हात ठेवूनच बोलायचे. त्या दिवशी मी हात काढला, काकूंच्या पुढ्यात जाऊन बसले आणि आ केला.

काकूंनी माझे दात बघितले. मग बाळाकडे बघितलं. त्याला अजून एकही दात आला नव्हता. त्यांनी बाटली त्याच्या तोंडातून काढली आणि मोरीत ओतली.