न लिहिलेला गुरुवार

आमच्या घरी रविवार गुरुवारी यायचा. वडील कारखान्यात होते, आणि आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मी शाळेतून चिंचवडच्या घरी यायचे तेव्हा ते बनियनवर पेपर वाचत बसलेले असायचे. असं का, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

आता मी वाकडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या वर्षी चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही माल पाठवायच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर करत होतो. गिऱ्हाइकाला काय हवंय ते ऐकून लिहून काढायचं काम एका नव्या मुलीकडे होतं. ती नांदेडची, थेरगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. नोकरी पक्की झाली की आईला इकडे आणायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात.

तिनं मन लावून लिहिलं. कारखान्याच्या साहेबांनी वाचून मान डोलावली, आम्हीही वाचलं. सुट्टीच्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जगरहाटीप्रमाणे रविवार धरला. पहिल्याच गुरुवारी ट्रक बंद गेटसमोर येऊन उभे राहिले.

दर दोन आठवड्यांनी आम्ही काय चुकलं ते बोलायला बसतो. त्यात कुणाला दोष द्यायचा नाही, असा नियम आहे म्हणे. त्या वेळच्या बैठकीला कारखान्याचे साहेबही आले होते. ते म्हणाले, "गुरुवारी सुट्टी असते, हे काय लिहून द्यायचं असतं?" सगळे हसले. ती हसली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला हे कुणी सांगितलं होतं का, असं मी विचारलं, तर आमचा मॅनेजर म्हणाला, तिनं विचारायला हवं होतं. जे आहे हेच ठाऊक नाही, ते माणूस विचारणार कसं? पण खापर तिच्यावरच फुटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तरी कोण, तर आम्ही सगळेच.

तिची नोकरी पक्की झाली नाही. शेवटच्या दिवशी आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. आईला काय सांगितलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तीच म्हणाली, "ताई, असं अजून काय काय आहे, जे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही? सांगा ना. पुढच्या ठिकाणी मी आधीच विचारून घेईन."

तिनं वहीसुद्धा काढली होती. मी चहा निवेपर्यंत विचार केला. मला एकही गोष्ट आठवेना.