हजर सभासद पाच

कोणताही कागद हातात आला की ती आधी तारीख वाचायची. मग सही. मजकूर सगळ्यात शेवटी.

आलेलं पाकीट कधी फाडायची नाही. कात्रीने कडेने कापायची आणि पत्राला टाचून ठेवायची, कारण पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो. धाकट्या बहिणीला चार ओळी लिहिल्या तरी खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारायची, मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून. चहाचा कप कागदांपासून हातभर लांब. फोन ठेवताना "ठीक, एवढं ठरलं" म्हणायची, मग काही ठरलेलं असो वा नसो. हसू आलं की वही तोंडापुढे धरायची.

इमारतीत तिला ठरावमावशी म्हणत. मीही मावशीच म्हणायचे. गेल्या महिन्यात ती गेली. सकाळी बाहेर पडायला निघाली, चपला घालायला खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. एक चप्पल पायात होती. अजून मला दुसरं काही नीट आठवत नाही, म्हणून जे आठवतं ते लिहून ठेवते आहे.

तीन वर्षांपूर्वी आजीसाठी वॉकर मागायला मी वरच्या मजल्यावर गेले होते. दारावर तिच्या नावाची पाटी नव्हती. संस्थेची होती: रुग्णांना लागणारं साहित्य विनामूल्य वापरायला देणारी संस्था, नोंदणी क्रमांक, नोंदणीकृत कार्यालय. ते कार्यालय म्हणजे तिची पुढची खोली. खिडकीच्या गजांना घडीचे वॉकर टांगलेले. कुबड्या कोपऱ्यात, छत्र्या ठेवाव्यात तशा. स्वयंपाकघरात जायचं तर आडवं होऊन जावं लागे. मधोमध हँडलने वरखाली होणारी एक खाट होती. मावशीची कंबर कायम दुखायची, पण त्या खाटेवर ती कधी पाठ टेकताना दिसली नाही.

"नियमात नाही," म्हणाली. "मी रुग्ण नाही, चिटणीस आहे."

मग माझ्याकडे पाहून विचारलं, "काय शिकलीस?"

"साहित्य."

"बरं झालं. विलंबमाफीचे अर्ज लिहायला कोणी मिळत नाही मला. कारण पटेल असं लिही. खोटं नको, पण पटेल असं."

तिथून आमची मैत्री. ती सदुसष्ट वर्षांची, मी तेवीस.

संस्था काढली मास्तरांनी. ते चित्रकला शिकवायचे, मावशी त्याच शाळेत लेखनिक होती. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी एक कागद पुढे केला आणि म्हणाले, नुसती एक सही हवी आहे, आणि पत्त्याला तुमचं घर लावू, माझं भाड्याचं आहे. तिने सही केली. पुढची तेवीस वर्षं दरवर्षीची विवरणं, ठरावांच्या नकला, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, सगळं तिने केलं. एकही वर्ष चुकवलं नाही. बाकीचे विश्वस्त सभेला यायचे, बिस्किटं खायचे आणि "बाईंनी पाहिलंय ना, मग झालं" म्हणायचे.

चूक तिच्या शिस्तीतूनच झाली.

विश्वस्त सात होते. कोरम पाचाचा. दोघे कधीच येत नसत, पाच जण नेहमी येत. त्यामुळे सभेच्या आदल्या दिवशी ती वहीत मथळा, तारीख आणि हजर सभासदांची नावं लिहून ठेवायची. वर्षानुवर्षं तीच पाच, त्याच क्रमाने. पहिलं नाव मास्तरांचं. अकरा वर्षांपूर्वी मास्तर गेले. आठवड्याने सभा ठरली. आदल्या दिवशी मावशीने वही उघडली आणि हाताने त्याच्या सवयीने लिहिलं: हजर सभासद पाच. एक, मास्तर.

दुसऱ्या दिवशी चौघं जमले. ठराव पहिला, मास्तरांना श्रद्धांजली. ठराव दुसरा, त्यांच्या जागी नवा विश्वस्त. ठराव तिसरा, गावातला एक दवाखाना बंद पडत होता, त्याने देऊ केलेलं सगळं सामान स्वीकारावं. एक्केचाळीस नग, बहुतेक चाकाच्या खुर्च्या. अध्यक्ष म्हणजे डॉक्टर. त्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. मावशीने त्या पानाची नकल काढली, "खरी नकल" असा शिक्का मारला आणि मास्तरांचं नाव कमी करण्याच्या अर्जाला जोडली.

कार्यालयाने पान वाचलं ते चार वर्षांनी. अर्ज अडकला. आणि तिथला रिवाज असा, की एका संस्थेचा आधीचा बदल निकाली निघाल्याशिवाय पुढचा हाती घेत नाहीत. मग नव्या विश्वस्ताचा अर्ज त्यामागे थांबला. गाव सोडून गेलेल्याचा त्यामागे. असे पाच साचले. निवृत्त होऊन काही वर्षं झाल्यावर मावशीने राजीनामा दिला, तो सहावा.

धाकटी बहीण दुसऱ्या गावी एकटी राहायची. तिने मावशीसाठी एक खोली तयार ठेवली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि तिचा आवाज असा, की मला समोर बसून सगळं ऐकू येई.

"पडदे तिसऱ्यांदा बदलले गं. तू येईपर्यंत भिंती बदलाव्या लागतील."

"राजीनामा नोंदवून घेतला की निघालेच."

"तू नोकरीतून सुटलीस, नवऱ्यातून सुटलीस. या फुकटच्या कामातून सुटता येईना?"

"ताई म्हण आणि नीट बोल," मावशी म्हणायची आणि वही तोंडापुढे धरायची. पण फोन ठेवला की बराच वेळ पाटीकडे बघत बसायची. पाटीची मागची बाजू दिसायची तिला, आतून. गंजलेले चार स्क्रू.

एकदा मी म्हटलं, सरळ कुलूप लावून जा.

"नोटीस या दाराला येते. तीस दिवसांत उत्तर गेलं नाही तर नोंदणी रद्द करायची कारवाई. पत्ता बदलायचा तर सातवा अर्ज." मग म्हणाली, "दगडाखाली हात आहे बघ माझा. आणि दगड मीच ठेवलाय."

या वर्षाच्या सुरुवातीला सुनावणीची तारीख लागली. मी सोबत गेले. लांबट खोली, गठ्ठ्यांनी अर्ध्या झाकलेल्या खिडक्या. टेबलामागच्या कारकुनांनी आमची फाइल उघडली आणि पानावर बोट ठेवलं.

"बाई, मयताला श्रद्धांजली वाहायला मयतच आलाय."

"चूक झाली. नाव आदल्या दिवशी लिहून ठेवलं होतं."

"आदल्या दिवशीसुद्धा ते मेलेलेच होते ना?"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसलं. मावशी हसली नाही. वहीही वर गेली नाही.

"पानावर खाडाखोड करू?" तिने विचारलं.

"हात लावू नका त्याला. प्रतिज्ञापत्र द्या, ते हजर नव्हते म्हणून. काही अर्ज मंजूर होतील, काही फेटाळले जातील, पण रांग हलेल. राजीनाम्याला तर कोरम पण लागत नाही. सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल."

सहा महिने. बाहेर आल्यावर जिन्यातच तिने बहिणीला फोन लावला. एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला आणि आम्ही तो डॉक्टरांकडे नेला. त्यांचा दवाखाना सकाळचा रिकामा होता. त्यांनी कागद वाचला. कधी नव्हे ते पूर्ण वाचला.

"बाई, जिवंतपणी मास्तर एकदाही वेळेवर सभेला आले नाहीत. मेल्यावर एकदा आले, तर तुम्हाला ते खपेना?"

"डॉक्टर, थट्टा नको. सही करा."

"करतो. पण मोजा की जरा. मास्तर नव्हते, तर हजर किती?"

मावशी बोटांवर मोजू लागली.

"चार," डॉक्टर म्हणाले. "कोरम पाचाचा. म्हणजे सभा झालीच नाही. सभा नाही तर तिसरा ठराव नाही. ते एक्केचाळीस नग आपले नाहीत. त्या बंद पडलेल्या दवाखानेवाल्याचे मुलगे अकरा वर्षं टपून आहेत. भंगारात विकतील. आज ते नग कुठे आहेत?"

"लोकांच्या घरी."

"माणसं बसलीयेत त्यांवर. तुमच्या एका सुटकेसाठी त्यांना उठवायचं?"

तिने कागद परत घेतला. घडी घातली. येताना वाटेत एकच वाक्य बोलली.

"अगं, तो माणूस मेल्यावरही संस्था धरून उभा आहे, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं मी धरलीये."

मी म्हटलं, मग राहू दे जसं आहे तसं. मला वाटलं ती हो म्हणेल. त्या रविवारी तिने बहिणीचा फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला दार उघडायची, पण बसायला सांगायची नाही. मी जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहायचे, ती कुबड्या पुसत असायची. पुसलेल्याच पुन्हा.

मग एक दिवस तिने मला एक आखलेली वही दाखवली.

नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयाची स्वतःची साहित्यपेढी होती. खुर्च्या गोदामात पडून होत्या, कारण त्यांचा अर्ज चार पानी होता आणि लोक तो भरत नसत. मावशी तिथे जाऊन आली होती. एक्केचाळीस कोरे अर्ज घेऊन.

"घरोघर जाते," म्हणाली. "अर्ज मी भरते, सही त्यांची. रुग्णालयाची खुर्ची आली की आपली काढून घ्यायची. डॉक्टरांनी हे ऐकून सही दिली. एक्केचाळीस पुरे झाले की प्रतिज्ञापत्र दाखल. मग सभा झाली काय नि न झाली काय, कोणाच्या बुडाखालचं काही जाणार नाही."

"मावशी, एकटी किती जिने चढशील?"

"तेवीस वर्षं एका खोलीत बसले. चढते आता."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दोन घरं करायची. मी बरोबर यायला बघायचे, ती म्हणायची, तू नोकरीचे अर्ज भर, हे माझे आहेत. फोन पुन्हा सुरू झाले. "एकोणीस झाले," असं ती बहिणीला सांगायची. "पडदे धुऊन ठेव."

प्रतिज्ञापत्र मला पाकिटात सापडलं. डॉक्टरांची सही आहे. तिची आहे. तारखेची जागा कोरी आहे.

आखलेली वही टेबलावरच होती. सव्वीस घरांपुढे बरोबरची खूण आहे. सत्ताविसाव्यापुढे तिच्या अक्षरात लिहिलंय: "चाकाची खुर्ची. तिसरा मजला, जिना अरुंद. आजोबांना ऐकू येत नाही, सून अकरानंतर घरी असते. अकरानंतर जाणे."