पहिल्या पडावात जागा होती

आगबोटीने गावी जायचं तर आधी आमच्या बाबांना विचारायचं, असा आमच्या चाळीत रिवाज होता. घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या उतारावर ज्या बैठ्या चाळी होत्या, त्यांतल्या एकीत आमची खोली. एप्रिल उलटला की रविवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमत. मुलुंडहून कुणाचा मेहुणा येई, मानखुर्दहून कुणाचा चुलता. तीस वर्षं गिरणीत साच्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेल्या आवाजात बाबा एकेक नियम सांगत.

भाऊच्या धक्क्यावर दोन तास आधी पोहोचायचं आणि एका माणसाला नुसती वळकटी देऊन पुढे पिटाळायचं. डेकवर जो आधी चादर पसरतो त्याची जागा. जाताना डावी बाजू धरायची. सकाळचं ऊन सोसावं लागतं, पण दुपारी सावली मिळते आणि किनाराही दिसत राहतो. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बसायचं नाही, तिथे बोट लागते. मध्यभागी, इंजिनाच्या भिंतीला पाठ लावून बसायचं; ऊब लागते पण पोट जागेवर राहतं. उपाशी चढायचं नाही. भाकरी, सुकी चटणी, आल्याचा तुकडा. सामानाचे नग दोनच, कारण हात दोनच.

आणि मग बंदर. आमच्या बंदरात धक्का नव्हता. आगबोट अर्धा मैल लांब उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत. पडाव म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी, तीस-चाळीस माणसं मावणारी. आगबोटीच्या शिडीवरून तिच्यात उतरायचं. बाबा उठून उभे राहून दाखवत. "पडाव वर येतो, खाली जातो. वर आला की पाय टाकायचा. खाली जाताना टाकलास तर गेलास. पाण्याकडे बघायचं नाही, खलाशाच्या छातीकडे बघायचं. आणि पहिल्या पडावाने कधीही उतरायचं नाही. पहिल्याला सगळे धावतात, ढकलाढकली होते. दुसरा येतोच. दुसऱ्याने शांतपणे जायचं."

मी तेव्हा अंधेरीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. आमच्याकडे मुख्यतः स्मरणिका, गौरव अंक आणि मानपत्रं छापली जात. 'दानशूर', 'कर्मयोगी' आणि 'कोकणचे सुपुत्र' हे शब्द इतके लागत की आमचा अक्षरं जुळवणारा जुळारी त्यांचे खिळे परत पेटीतल्या घरांत टाकतच नसे, दोऱ्याने बांधून बाजूला ठेवी. दिवसभर असली भाषा वाचून घरी आल्यावर बाबांचे नियम ऐकायला बरं वाटे. त्यांत विशेषण नसे.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. बाबांच्या फुप्फुसात काय होतं ते डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं आणि म्हणाले, आता घरी न्या. आमच्याकडे घर म्हणजे गाव. घाटकोपरची ती खोली. आई गावातच असे; जमीन आणि गुरं सोडून ती मुंबईला आयुष्यात दोनदा आली होती. बाबा वर्षातून एकदा, आगबोटीने, तिच्याकडे जात. त्यांना तिथे जाऊन मरायचं होतं. हे त्यांनी मला असं स्पष्ट कधी सांगितलं नाही. "यंदा जरा लवकर जाऊ," एवढंच म्हणाले.

पण आधी ताप उतरायची वाट पाहिली, मग माझ्या रजेची, आणि मे संपत आला. पावसाळ्यात आगबोट बंद असे. एस.टी.चा प्रश्नच नव्हता. त्यांना अर्धा तासही बसवत नव्हतं आणि बस रात्रभर घाटातून जायची. आगबोटीवर माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. हंगामातल्या शेवटच्या फेरीची दोन तिकिटं मिळाली. मी आईला पत्र टाकलं, बंदरावर डोली घेऊन ये.

चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून डोंगराच्या पायऱ्या उतरवल्या. उतरताना ते खुर्चीतून सूचना देत होते. धक्क्यावर शेजारचा एकजण वळकटी घेऊन पुढे धावला. डावी बाजू, मध्यभाग, इंजिनाच्या भिंतीलगत. सगळं नियमाप्रमाणे झालं. बाबा चादरीवर आडवे झाले आणि म्हणाले, "बघ. पोचलो म्हणून समज."

बोट सुटल्यावर कळलं की वर पहिल्या वर्गात आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष आहेत. ते पार्ल्याला राहत, इमारती बांधत. आमच्या बंदरात धक्का व्हावा म्हणून ते दुसऱ्या दिवशी पायाभरणी करणार होते. ही तिसरी पायाभरणी. आधीचे दोन दगड मी पाहिले होते. एकावर कोळणी जाळी वाळत घालत आणि दुसरा शाळेच्या पायरीला लागला होता. या तिसऱ्या समारंभाची स्मरणिका माझ्याच टेबलावरून गेली होती. अध्यक्षांच्या फोटोखाली 'सागराला आव्हान देणारे' असं होतं. मी ते काढलं होतं, त्यांनी परत घातलं होतं.

दुपारी ते डेकवर आले. कोशाच्या रेशमाचा सदरा, मागे दोन कार्यकर्ते आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एकजण. माणसांच्या पायांवरून वाट काढत ते आमच्या चादरीशी थांबले.

"अरे, हे तर आपलेच! काय हो दादा, ही काय दशा करून घेतलीत?"

बाबा उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना झोपवलं.

"घरी चाललोय," बाबा म्हणाले.

"वा, वा. आमच्याबरोबर उतरा. पहिला पडाव आपल्यासाठीच येतोय, सजवलेला. तुम्हाला मध्ये झोपवून नेतो. काय?" मग माझ्याकडे वळून, जरा आवाज उतरवून म्हणाले, "उद्या भाषणात यांचं सांगणार आहे मी. धक्का नसल्यामुळे आपल्या माणसांचे काय हाल होतात, हे जिवंत उदाहरण आहे."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. ते आज मला कळतं. तेव्हा मला फक्त पुढची स्मरणिका दिसली: बाबांचा फोटो, खाली विशेषण.

"बघू," मी म्हणालो.

पाचच्या सुमाराला आमचं बंदर आलं. मी बाबांना कठड्याशी टेकवून बसवलं. ऊन अजून होतं. किनाऱ्यावर पताका दिसत होत्या, ताशे ऐकू येत होते, आणि गर्दीपासून दूर, वाळूच्या टोकाला, चार माणसं आणि मध्ये काहीतरी पांढरं होतं.

"डोली आहे ती," बाबा म्हणाले. "वर तिने चादर घातलीय."

"एवढ्या लांबून कसं कळलं?"

"गर्दीत कशाला उभी राहील ती?"

पहिला पडाव आला. त्याला केळीचे खुंट बांधले होते. अध्यक्ष उतरले, कार्यकर्ते उतरले, हार उतरले, आणि मागून बाकीची माणसं. ढकलाढकली म्हणावी तशी नव्हतीच. शिडीखालून तांडेल, म्हणजे पडावाचा मुख्य खलाशी, ओरडला, "आजारी माणूस कोण तो? आणा लवकर, मधी जागा ठेवलीय!"

बाबा माझ्या मनगटाला धरून म्हणाले, "चल रे. जाऊ याच्यानेच."

"याच्याने? पहिल्याने?"

"वारा बघ. फिरलाय. पाण्यावर पांढरं दिसायला लागलंय."

मी पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर पांढरं होतं. मला समुद्रावर नेहमीच कुठे ना कुठे पांढरं दिसतं. खाली अध्यक्ष मधल्या फळीवर उभे राहून हात हलवत होते आणि कॅमेरावाला आमच्याकडे तोंड करून तयार होता.

"बाबा, नियम तुमचाच ना? दुसऱ्याने शांतपणे जायचं. आजवर तुम्ही जगाला हेच सांगत आलात."

ते माझ्याकडे बघत राहिले. कशासाठी मी हे म्हणतोय ते त्यांना कळलं असावं. माणसांना ओळखायला ते चुकत नसत. पण त्यांच्याच नियमाने त्यांना अडवलं होतं आणि ओरडून भांडायला छातीत दम उरला नव्हता.

"हो," ते म्हणाले. "सांगतो खरा."

मी तांडेलाला हात हलवून नाही म्हटलं. पडाव सुटला.

तो किनाऱ्याला लागायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. दोनदा तर केळीचे खुंट दिसेनासे झाले. मग फटाके वाजले. वाळूवर दुसरा पडाव तयार होता. तो माणसांनी पाण्यात ढकलला, तो वर उचलला गेला आणि आडवा होऊन परत वाळूवर आला. पुन्हा ढकलला. पुन्हा तेच. नंतर माणसं त्याच्याभोवती नुसती उभी राहिली.

आमच्या बोटीने भोंगा दिला. पंधरा मिनिटांनी पुन्हा दिला. आता डेकसुद्धा पायाखालून सरकत होता. मी बोटीवरच्या एका अधिकाऱ्याला गाठलं, आजारी माणूस आहे म्हणून सांगितलं.

"मग पहिल्या पडावात का नाही घातला?" तो म्हणाला. "तांडेल बोंबलत होता की."

"थोडं थांबा."

"उघड्या बंदरात? अहो, इथे चारशे माणसं आहेत."

तिसरा भोंगा झाला आणि किनारा हलायला लागला. बाबा कठड्याला हनुवटी टेकून बघत होते. ती पांढरी चादर आमच्याबरोबर वाळूवरून चालू लागली, खडक लागेपर्यंत चालली, आणि तिथे थांबली.

पुढच्या बंदरातही पडाव आला नाही. सकाळी पणजी. तिथे मी एका गाडीवाल्याला विचारलं. त्याने बाबांकडे पाहिलं आणि हा माणूस गाडीत गेला तर मी काय करू, असं मलाच विचारलं. बोट त्याच दिवशी मुंबईला परत निघणार होती, वाटेतली उघडी बंदरं न घेता. परतीच्या वाटेवर आमचं बंदर रात्री मागे पडलं. बाबा जागे होते की नाही, मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

घाटकोपरला पुन्हा चौघं, पुन्हा खुर्ची. वर पोहोचलो तर आमच्या ओट्यावर आई बसली होती. बोट दिसेनाशी झाल्यावर डोली तिथेच टाकून तिने स्टँड गाठला होता आणि हातातल्या पत्रावरचा पत्ता लोकांना दाखवत दाखवत आली होती. शेजारणीने दिलेला चहा तिच्यापुढे तसाच होता.

बाबांना आत निजवल्यावर तिने विचारलं, "अहो, पहिल्या पडावाने का नाही उतरलात? मी तांडेलाला सांगून ठेवलं होतं, मधी जागा ठेव म्हणून. तो म्हणाला, नको म्हणाले."

मी तोंड उघडलं.

"मीच म्हटलं," बाबा म्हणाले. "दुसऱ्याने जाऊ. गर्दी होती."

"गर्दी! त्या सजवलेल्या पडावातून पालखीत बसल्यासारखं जायला काय झालं होतं तुम्हाला? मोठे शहाणे. जन्मभर लोकांना अक्कल शिकवलीत."

"चुकलं माझं."

ते मला वाचवत होते, आणि मी वाचलो. तेव्हा बोललो नाही. नंतर बोलायला बारा दिवस होते, त्यातही बोललो नाही. त्या बारा दिवसांत आई त्यांना पेज भरवायची आणि दर चमच्याला एकदा तरी त्या पडावावरून बोलायची, आणि ते मान डोलवायचे. तेराव्या दिवशी सकाळी खोलीतच गेले. घाटकोपरच्याच स्मशानात नेलं. खाली उतरवताना खुर्ची लागली नाही.

आई गावी परत गेली ती एस.टी.ने. पुढे ती बरीच वर्षं जगली. बाबांचा विषय निघाला की कौतुकाने बोले, पण शेवटी तिथेच येई: सगळं चांगलं होतं, पण हट्ट नडला. मी समोर बसून ऐकायचो. अध्यक्षांच्या भाषणात बाबांचा उल्लेख झाला नाही, असं कळलं. तिसरा दगड अजून आहे.

पावसाळा संपून आगबोट पुन्हा सुरू झाली तेव्हा चाळीतला एकजण बायको-मुलांना गावी न्यायचं म्हणून आमच्या ओट्यावर आला. सवयीने आला असावा. "आता तूच सांग रे," म्हणाला. मी सांगितलं. वळकटी, डावी बाजू, इंजिनाची भिंत, आलं. पडाव वर आला की पाय टाकायचा, खलाशाच्या छातीकडे बघायचं.

"आणि पहिल्या पडावाने उतरा," मी म्हणालो.

"पहिल्या? अरे, काका तर दुसऱ्याने म्हणायचे. नेहमी."

"त्यांनी शेवटी बदललं होतं."

"कधी?"

मी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं. त्याने ते पिऊन भांडं खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं नाही.