गोल अक्षरातल्या नोट्स

"काका, त्या गोल अक्षरवाल्या नोट्स आहेत ना? मग बाकीचं काही नको."

झेरॉक्सच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलीने हे म्हटलं आणि मी ओढणी सारखी करत भिंतीवरच्या लॅमिनेशनच्या नमुन्यांकडे बघू लागले.

नौपाड्यात आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सवाले काका नसते, तर पहिल्या सेमिस्टरचं कॅल्क्युलस निम्म्या वर्गाने कधीच सोडून दिलं असतं, असं माझं ठाम मत आहे. काका स्वतः दहावीच्या गणितात अडकले ते कायमचे. हे ते अभिमानाने सांगतात. पण कुठल्या नोट्स चांगल्या, ते त्यांना न वाचता कळतं. त्यांच्या कपाटातल्या गठ्ठ्यांवर विषय नसतो, नाव नसतं. अक्षराच्या वळणावरून स्केचपेनने 'मुंग्या', 'डॉक्टर', 'घाईवाला', 'गोल अक्षर' असं लिहिलेलं असतं. लिमिट्स अडले तर 'मुंग्या', इंटिग्रेशनला 'डॉक्टर'. एकदा एक मुलगा जाडजूड गाइड घेऊन आला. काकांनी ते चाळून परत दिलं. "अरे, ह्यात कुठे खाडाखोडच नाही. ज्याचं कधी चुकलंच नाही, तो तुला काय शिकवणार?" मुलगा निमूटपणे 'घाईवाला' घेऊन गेला आणि पास झाला, असं काका सांगतात. जे नापास झाले त्यांच्याबद्दल काका सांगत नाहीत.

पाठपोट कॉपी ते काढून देत नाहीत. पान उलटेपर्यंत मुलं मागचं विसरतात म्हणे. आणि परीक्षा जवळ आली की प्रत्येक गठ्ठ्याबरोबर चार कोरे कागद हातात ठेवतात. "सोडवून बघ. नुसतं वाचून गणित आलं असतं तर माझं मशीन आज प्रोफेसर असतं."

आता बहुतेक मुलं मोबाइलवर पीडीएफ फिरवतात. काकांकडे आधार कार्डांचीच गर्दी जास्त. तरीही परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे इथेच येतात.

ऑगस्टमध्ये मैत्रिणीसाठी कॉपी काढायला मी माझी वही दिली होती. काकांनी पानं उलटली आणि विचारलं, "बाळ, एक सेट ठेवू का माझ्याकडे?" नाही म्हणायला मला साधारण दोन दिवस लागतात, त्यामुळे मी मान हलवली. फक्त नाव सांगू नका, एवढं पुटपुटले. काकांनी नावावर पांढरी पट्टी चिकटवली. तेव्हापासून हे गोल अक्षर कोणाचं, असं कोणी विचारलं की ते माझ्यासमोरच सांगतात, "ती होय? ती पास होऊन पुण्याला गेली." मी तिथेच उभी असते, डोंबिवलीचा पास पर्समध्ये घेऊन.

त्या दिवशी रांगेतली ती मुलगी आणि तिची मैत्रीण काउंटरवरच पानं उघडून बसल्या. दुसऱ्या दिवशी पेपर होता.

"अगं, सरांनी शेवटी टू एक्सने गुणलेलं. ह्यात नाहीये."

"मग सरांचं चुकलं असेल. ह्या नोट्स चुकत नाहीत यार, अख्खा वर्ग हेच पाठ करतोय."

मी मान लांब करून बघितलं. तिसरं पान, साइन ऑफ एक्स स्क्वेअर. बाहेरच्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह घेतलं होतं, आतल्याने गुणायचं राहिलं होतं. पंचवीस-तीस जण तरी उद्या माझी चूक सुंदर अक्षरात लिहिणार होते.

मी काकांजवळ सरकले. "काका, त्यांना सांगा ना, तिसऱ्या पानावर..."

"मी?" काका टोनरचा डबा हलवत हळूच म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं? मला फक्त काळं आणि पांढरं दिसतं."

त्यांनी मशीन बंद केलं. पुण्याला गेलेल्या मुलीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. मुलींनी पैसे पुढे केले तेही त्यांनी घेतले नाहीत, नुसते डबा हलवत राहिले.

आवाज निघाला तो मलाच अनोळखी वाटला.

"तिसऱ्या पानावर चूक आहे. टू एक्सने गुणायचंच. सर बरोबर आहेत. आणि... त्या नोट्स माझ्या आहेत."