प्लास्टिक काढू नका

मास्तरांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नाही. शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात म्हणून ते मास्तर. उभा जन्म त्यांनी गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवली. दुकान म्हणजे एक शटर, आत जाड शिलाईचं मशीन, भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि एक गाडी कशीबशी आत घेता येईल एवढी जागा. शेजारीच जुन्या गाड्यांच्या दलालाचं आवार होतं आणि मास्तरांचं निम्मं काम तिकडून यायचं.

दलालाकडच्या गाड्या बहुतेक उचलून आणलेल्या. कोणीतरी हौसेने कर्ज काढून गाडी घ्यायचं, हप्ते थकायचे, मग एखाद्या सकाळी वसुलीची माणसं दारातून गाडी घेऊन जायची. गावातल्या अशा बहुतेक गाड्या शेवटी दलालाच्या आवारात येऊन उभ्या राहायच्या. "मास्तर, हिला आंघोळ घाला," दलाल सांगायचा. म्हणजे जुनी कव्हरं उसवून फेकायची, नवी चढवायची, आधीच्या माणसाची खूण म्हणून उरू द्यायची नाही. सीटच्या फटीतून जे निघेल ते मास्तरांचं, असं न बोलता ठरलेलं होतं. निघायचं तरी काय? केसांचे चाप, चिल्लर, बिस्किटांचा चुरा, एकदा तर तान्ह्या बाळाचा एकच मोजा. "गाडी गेली आणि मोजा ठेवून गेली," म्हणून मास्तर हसले होते. त्या माणसांची त्यांना फारशी कणव यायची नाही. ऐपत नसताना मिरवायला निघालेले लोक, असं त्यांचं सरळ मत होतं आणि चहा पिताना ते कोणालाही ऐकवायचे.

मग त्यांच्याच मुलीने गाडी घ्यायचं काढलं.

मुलगी एकुलती एक. आई लवकर गेल्यामुळे शाळा सुटली की ती दुकानातच यायची. मास्तरांना लागतील तेवढ्या सुया एका बैठकीत ओवायची, स्पंजच्या तुकड्यात रांगेने टोचून ठेवायची आणि दम द्यायची, "बाबा, आता उद्यापर्यंत मला हाक मारायची नाही." आता ती एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसत होती. जावई मोबाइलच्या दुकानात विक्रीला होता. दोघांचे पगार घरभाड्यात आणि किराण्यात कधी संपायचे, पत्ता लागायचा नाही.

"बाबा, कर्ज मंजूर झालं!" ती आली तीच सांगत. बक्षीस लागल्यासारखा तिचा चेहरा होता. "फक्त सुरुवातीला भरायचे थोडे कमी पडतायत."

मास्तरांनी बरोबर आलेल्या जावयाकडे पाहिलं. "हप्ता झेपेल का तुम्हाला?"

"बाबा, रोखीने घेतं कोण आता? आमच्या दुकानात सगळ्यांकडे गाडी आहे. मी एकटाच बसने जातो."

"मग बसला काय झालं?"

"लोक विचारतात हो, बाबा," मुलगी म्हणाली.

"लोक हप्ता भरणार आहेत का?"

विचारलं खरं, पण मास्तरांकडे पैसे होते आणि ते मुलीला ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पिकलाय, आता चालढकल करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशनसाठी त्यांनी पोटाला चिमटा काढून साठवलं होतं. ठाऊक असून तिने मागितले, हे त्यांना फार लागलं. पण तीच पुढे म्हणाली, "उन्हाळा संपायच्या आत परत देते, बाबा. आणि आपल्या गाडीत बसवून मीच तुम्हाला ऑपरेशनला घेऊन जाते." आपल्या गाडीत! चहा पिताना जगाला अक्कल वाटणारा हा माणूस एवढ्या एका वाक्याला भुलला आणि कपाट उघडून मोकळा झाला.

गाडी आली. पांढरी, चकचकीत, सीटवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच. दोघं थेट दुकानात घेऊन आली. मास्तरांनी सवयीने प्लास्टिक फाडायला हात घातला, तशी मुलगी ओरडलीच.

"बाबा, प्लास्टिक काढू नका!"

"अगं, प्लास्टिकवर कव्हर बसत नाही. सरकतं."

"काहीतरी करा. खाली सीट नवीच राहायला हवी."

"कोणासाठी? सीटवर बसायचं कव्हर घालून, कव्हराखाली प्लास्टिक, मग ती नवी सीट बघणार कोण?"

जावई हसला, मुलगी रुसली आणि मास्तर हरले. प्लास्टिकवर कव्हर शिवायचा वेडेपणा त्यांनी जन्मात पहिल्यांदा केला. सरकू नये म्हणून सीटच्या खालच्या अंगाला पट्टी घालून हाताने आडवे दोहेरी टाके घातले. कुणाच्या नजरेला पडणार नाहीत असे. डोळे चालत नव्हते, बोटांनी चाचपून शिवलं. काम असं झालं की स्वतःच दोन-तीनदा हात फिरवून पाहिला. शिलाई अर्थातच घेतली नाही.

पहिले काही रविवार गाडी दारात यायची आणि हॉर्न वाजायचा. मग जावई एकटाच यायला लागला. "पेट्रोल बघितलंत का बाबा, केवढं झालंय?" जणू गाडी पाण्यावर चालेल असं कोणी त्याला सांगितलं होतं. मग गाडी घरासमोर ताडपत्रीखाली उभी राहायला लागली आणि जावई पुन्हा बसने. मुलगी आली की घाईत असायची. उन्हाळा संपला. पैशाचा विषय तिने काढला नाही आणि मास्तरांनी काढू दिला नाही. समोरचा माणूस आता त्यांना आवाजावरून ओळखू यायचा. मशीनची सुई ते अंदाजाने ओवत, हाताची ओवताना मात्र घोडं अडायचं.

त्या सकाळी दलालाने एक गाडी आत लावली. "मास्तर, आंघोळ." पांढरीच होती, पण पांढऱ्या गाड्या काय कमी असतात? कव्हरं काळी, तीही निम्म्या गावाची काळीच. मास्तरांनी पुढच्या सीटच्या बैठकीच्या कडेला ब्लेड लावलं आणि खालून करकर आवाज आला.

प्लास्टिक.

ब्लेड तसंच राहिलं. त्यांनी सीटखाली हात घातला. आडवे टाके, दोहेरी. बोटं एकेका टाक्यावरून पुढे गेली आणि शेवटच्या गाठीवर थांबली. मास्तर गाडीत बसूनच राहिले. त्यांना राग आला, मुलीचा, जावयाचा, आणि सर्वांत जास्त स्वतःचा. आपल्या डोळ्यांची गाडी आपल्यासमोर उभी होती आणि ती ओळखायला डोळेच नव्हते.

बाहेर येऊन त्यांनी फोन लावला.

"काय गं, गाडी कशी आहे?"

"छान आहे, बाबा. सर्व्हिसिंगला दिलीय."

"बरं."

"आणि बाबा, तुमच्या ऑपरेशनचं बघतोय आम्ही. पुढच्या वर्षी नक्की."

"हो गं. गडबड नाही," मास्तर म्हणाले. गाडी माझ्यासमोर आहे, हे शब्द ओठांवर आले होते. पण ती तिकडे रडेल आणि आपण इकडे तिची समजूत घालत बसू, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्या दिवशी त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं.

दलालाने आत डोकावून पाहिलं आणि तो खूशच झाला. "अरे वा! प्लास्टिकसकट! मास्तर, हिला काही घालू नका. अशीच दाखवतो. अशी गाडी जागेवर विकली जाते."

विकली गेली. त्याच आठवड्यात दलाल एका जोडप्याला घेऊन दुकानात आला. नवीन लग्न झालेलं असावं. आवाजावरून दोघं मास्तरांच्या मुलीपेक्षाही लहान.

"काका, कव्हर शिवायचंय," त्यातली मुलगी म्हणाली. "पण प्लास्टिक काढू नका हं. बघा ना, आधीच्यांनी किती जपलीय गाडी!"

"कर्जाने घेतली?"

"हो! लगेच मंजूर झालं," मुलगा म्हणाला.

मास्तरांनी तोंड उघडलं. या सीटची सगळी कहाणी त्यांना सांगता आली असती. पण दलाल शटरला टेकून उभा होता, निम्मं काम त्याच्याकडून यायचं आणि ऑपरेशनचे पैसे आता पहिल्यापासून जमवायचे होते. चहा पिताना एवढं बोलणारा माणूस, नेमकं बोलायच्या वेळी त्याची जीभ उचलली नाही.

त्यांनी पट्टी कापली, दोरा घेतला आणि सुई पुढे केली.

"पोरी, एवढी ओवून देतेस?"

तिने पहिल्याच खेपेला ओवली. "काका, डोळे दाखवा की कोणाला तरी."

"दाखवलेत," मास्तर म्हणाले आणि प्लास्टिकवर कव्हर ताणून त्यांनी पहिला टाका घातला.